तारांकित हॉटेलातला दुपारचा चहा : बेत, रीत आणि आस्वाद

मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून दुपारी तीन-साडेतीनपासून सहाच्या सुमारापर्यंत जो ‘आफ्टरनून टी’ किंवा ‘हाय टी’ दिला जातो, तो नुसता चहा नव्हे आणि जेवणही नव्हे; चहाची किटली मध्यभागी ठेवून तिच्याभोवती लहान आकाराचे खारे व गोड पदार्थ ठराविक क्रमाने मांडण्याची, आणि ते सावकाश खात दीड-दोन तास गप्पांत घालवण्याची ती एक रीत आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत चारचा चहा घरोघरी होतो, त्याच्याबरोबर खारी, चिवडा किंवा शंकरपाळेही होतात. तरीही तारांकित हॉटेलाच्या दारातून आत जाताना अनेक मराठी कुटुंबांना जो संकोच वाटतो, तो पैशांइतकाच तिथल्या रीतीविषयीच्या अपरिचयातून येतो. ही रीत अवघड नाही, आणि तिच्यात जे काही शिकण्यासारखे आहे ते काट्या-सुऱ्यांपेक्षा चहाविषयी अधिक आहे.

या प्रथेचा उगम इंग्लंडमध्ये १८४० च्या आसपासचा मानला जातो. त्या काळी उमरावांच्या घरी रात्रीचे जेवण उशिरा होई, दुपारचे खाणे हलके असे, आणि मधल्या वेळच्या भुकेवर बेडफर्डची डचेस ॲना हिने आपल्या दालनात चहा, पाव आणि लोणी मागवायला सुरुवात केली, पुढे मैत्रिणींनाही बोलावले, अशी परंपरागत हकिकत आहे. ‘हाय टी’ हा प्रकार मात्र मुळात वेगळा होता. उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्या-कारखान्यांतला कामगार पाळी संपवून घरी आला की उंच जेवणाच्या टेबलावर बसून मांस, बटाटे, पाव आणि कडक चहा असे जे पोटभर खाई, त्याला ते नाव होते. भारतीय हॉटेलांनी पुढे उमरावांच्या चहाला कामगारांच्या जेवणाचे नाव दिले आणि तेच रूढ झाले, त्यामुळे हॉटेलच्या पत्रकावर यांपैकी कोणतेही नाव दिसले तरी बहुधा एकच गोष्ट समजावी. गिरणगावाच्या दृष्टीने यात एक मौज आहे : पाळी सुटल्यावर लालबाग-परळच्या कामगाराने घेतलेला चहा हा खऱ्या अर्थाने ‘हाय टी’च्या अधिक जवळचा होता, आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठल्या तेव्हा फिनिक्स मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या संकुलात आज जे पंचतारांकित हॉटेल आहे, तिथे डचेसच्या परंपरेतला चहा मिळतो.

मराठी समाजाच्या बाबतीत चहाचे टेबल ही एकेकाळी साधी गोष्ट नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि त्यातून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्कार, व प्रायश्चित्ताचा मोठा वाद उभा राहिला. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १६ डिसेंबर १९०३ रोजी, अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. त्याच्या वास्तुविशारदांपैकी एकाचे नाव रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. वैद्य आणि त्यांचे सहकारी डी. एन. मिर्झा यांनी हॉटेलाचा मूळ आराखडा केला आणि काम पुरे होण्याआधीच वैद्य यांचे निधन झाल्यामुळे ते डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने तडीस नेले. इमारत उलटी बांधली गेल्यामुळे वास्तुविशारदाने जीव दिला, ही टॅक्सीवाल्यांपासून मार्गदर्शकांपर्यंत सर्वजण सांगत असलेली कथा निराधार आहे.

ताजच्या जुन्या इमारतीतील पहिल्या मजल्यावरचे ‘सी लाउंज’ हे मुंबईत दुपारच्या चहासाठी सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. त्याच्या खिडक्यांतून गेटवे ऑफ इंडिया आणि बंदरातल्या बोटी दिसतात. हॉटेल बांधले गेले तेव्हा मात्र तिथून फक्त पाणी दिसत असे, कारण गेटवेची वास्तू १९२४ मध्ये पूर्ण झाली. मुंबईतल्या अनेक कुटुंबांनी मुला-मुलींची पहिली भेट येथे घडवून आणली अशी या दालनाची ख्याती आहे, म्हणजे कांदेपोह्यांचे काम येथे स्कोन नावाच्या इंग्रजी पावाने केले. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात जुन्या इमारतीची मोठी हानी झाली आणि दुरुस्तीनंतर ती १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा खुली झाली. तेव्हापासून दारावर होणारी सामानाची आणि अंगाची तपासणी सर्वांसाठी सारखी असते, तेव्हा ती आपल्याकडे पाहून चालली आहे असा समज करून घेऊ नये आणि शक्यतो मोठ्या पिशव्या बरोबर नेऊ नयेत.

दिशेविषयी एक गैरसमज वेळीच दूर करणे इष्ट आहे. समुद्राकाठचे हॉटेल म्हटले की मुंबईकराच्या मनात मरीन ड्राइव्हचा सूर्यास्त येतो, परंतु अपोलो बंदर पूर्वेला तोंड करून आहे आणि सूर्य हॉटेलाच्या पाठीमागे मावळतो. त्यामुळे सूर्यास्ताच्या आशेने सहाची वेळ मागणाऱ्याची निराशा होते. उलट साडेतीन-चारच्या सुमारास ऊन मागून येत असल्याने डोळ्यांवर तिरीप न येता पाणी आणि गेटवेचा पिवळसर बेसॉल्ट उजळलेला दिसतो, आणि हीच वेळ खिडकीशी बसण्याची आहे. पावसाळ्यात मांडव्याच्या प्रवासी बोटी बंद असतात आणि बंदर ओकेबोके दिसते, पण गरम चहासाठी जुलै-ऑगस्टइतका योग्य काळ दुसरा नाही. डिसेंबरच्या अखेरीस जी गर्दी उसळते तीही तेव्हा नसते.

जागा आधी फोन करून राखून ठेवावी आणि त्याच वेळी चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात : चहाची नेमकी वेळ; पदार्थ तीन मजली तबकात टेबलावर येतात की बुफे पद्धतीने मांडलेले असतात; सांगितलेला दर माणशी आहे का आणि त्यात कर धरले आहेत का; आणि लहान मुलांसाठी वेगळा दर आहे का. यांतील काहीही ऋतूनुसार किंवा सणावारानुसार बदलू शकते, म्हणून ओळखीच्यांच्या मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नये. खिडकीजवळचे टेबल मागावे, मात्र त्याची हमी क्वचितच मिळते. आठवड्याच्या मधल्या वारी आणि चहा सुरू होण्याच्या वेळेलाच पोहोचणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय. भिशीचा गट, साठीचा समारंभ किंवा निवृत्तीचा प्रसंग असेल तर ते आधीच सांगावे, म्हणजे टेबले जोडून ठेवता येतात. हे सारे मराठीत बोलायला हरकत नाही. इंग्रजी येत नसल्याची काळजी करत फोन टाळणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि ती काळजी बहुतांशी अनाठायी आहे.

दक्षिण मुंबईत उतरण्यासाठी पश्चिम रेल्वेने चर्चगेट किंवा मध्य रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे मार्ग आहेतच. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागल्याने दादर, वरळी किंवा गिरगावहून हुतात्मा चौकात उतरून काळा घोडा आणि रीगलवरून पंधरा-वीस मिनिटांत चालत जाणे सोपे झाले आहे. पोशाख नीटनेटका असावा, यापलीकडे विशेष नियम नाही; साधी सुती साडी, सलवार-कमीज, बाह्यांचा सदरा आणि बूट किंवा चांगले सँडल पुरेसे आहेत. पैठणी नेसून गेल्यास कोणी अडवणार नाही, पण स्कोनवरच्या जॅमचा थेंब तिच्या पदराला परवडणारा नाही. दुपारचे जेवण हलके घ्यावे. तारीख ठरवताना कालनिर्णय पाहून संकष्टी, एकादशी किंवा घरातला उपवासाचा वार टाळावा, कारण या टेबलावर उपवासाचे जवळजवळ काहीच नसते.

टेबलावर बसल्यावर पहिला प्रश्न येतो तो चहा कोणता, आणि इथेच बहुतेकांची गडबड होते. घरचा चहा पाणी, दूध, साखर, आले किंवा गवती चहा घालून उकळलेला असतो, आणि त्यासाठी वापरली जाणारी भुकटी ‘सीटीसी’ प्रकारची असते, म्हणजे पाने यंत्रात चुरडून, फाडून, गुंडाळून केलेले बारीक दाणे, जे उकळल्यावर झटकन गडद रंग आणि कडकपणा देतात. हॉटेलातल्या किटलीत मात्र प्रायः अखंड किंवा अर्धवट तुटलेल्या पानांचा चहा असतो, तो उकळत नाहीत, गरम पाण्यात मुरवतात. त्याची चव घरच्या चहाच्या मापाने मोजली तर तो पाणचट वाटतो आणि मग त्यात दूध-साखर ओतून उरलासुरला गंधही घालवला जातो. दार्जिलिंगच्या चहाबाबत तर हे हटकून घडते. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा दार्जिलिंग फिका, किंचित तुरट आणि फुलांच्या वासाचा असतो. मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीचा रंगाने तांबूस आणि पक्व द्राक्षांच्या गंधाचा असतो. दोन्ही दुधाशिवाय घ्यावेत आणि साखर निदान पहिल्या कपात तरी टाळावी. आसामचा चहा भरदार असल्यामुळे दूध सहज पेलतो. निलगिरीचा या दोहोंच्या मधला, नितळ. ‘अर्ल ग्रे’ म्हणजे बर्गमोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाचा गंध दिलेला काळा चहा. तो आवडतो त्यांना फार आवडतो, इतरांना अत्तर प्यायल्यासारखे वाटते, म्हणून चौघांच्या गटात एकानेच मागवून सर्वांनी चव पाहावी.

मुरवण्याचे गणित सरळ आहे. काळ्या चहाला तीन ते पाच मिनिटे पुरतात, दार्जिलिंगला तीनच, आणि हिरव्या चहासाठी पाणी उकळते नव्हे तर ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपासचे हवे, नाहीतर तो कडवट होतो. पाने किटलीत तशीच पडून राहिली तर त्यांतले टॅनिन, म्हणजे जिभेला कोरडेपणा आणणारे तुरट द्रव्य, उतरत राहते आणि गप्पांत पंधरा मिनिटे गेली की दुसरा कप पिववत नाही. यावर उपाय दोन : किटलीत काढता येणारी जाळी असेल तर ती वेळेवर काढून ठेवायला सांगावे, आणि नसेल तर गरम पाण्याची वेगळी किटली मागून कपातला चहा हवा तसा सौम्य करून घ्यावा. अशी मागणी ही कुरकुर नव्हे. चहा जाणणारा पाहुणा ती करतोच. कपात आधी चहा ओतावा आणि नंतर दूध, म्हणजे रंग पाहून प्रमाण ठरवता येते. मसाला चहाही बहुतेक ठिकाणी मिळतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही, फक्त त्याची जागा शेवटी आहे, कारण आले-वेलदोड्यानंतर जीभ दार्जिलिंगची राहत नाही.

हाच न्याय खाद्यपदार्थांच्या क्रमाला लागू होतो. तीन मजली तबकात साधारणपणे सँडविच, स्कोन आणि केक-पेस्ट्री अशी मांडणी असते व खाण्याचा क्रम खाऱ्याकडून गोडाकडे जातो. सँडविच कडा कापलेली आणि दोन घासांत संपतील एवढी असतात. त्यांतले काकडीचे सँडविच दिसायला सर्वांत गरीब आणि करायला सर्वांत नाजूक : काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून त्यांचे पाणी निथळू द्यावे लागते, त्या फडक्याने टिपाव्या लागतात आणि पावाच्या दोन्ही तुकड्यांना लोणी कडेपर्यंत लावावे लागते, कारण लोण्याचा थर पाणी अडवतो आणि पाव भिजत नाही. पाव ओला लागला तर स्वयंपाकघरात घाई झाली असे खुशाल समजावे. याच काकडीच्या सँडविचला पुढे मुंबईच्या रस्त्यावर हिरवी चटणी, बटाटा आणि बीट मिळाले, आणि चर्चगेटच्या फुटपाथवरचे ते अपत्य चवीने मूळ पुरुषापेक्षा वरचढ निघाले, हे मान्य करायला हरकत नसावी.

स्कोन हा मैदा, लोणी, दूध आणि बेकिंग पावडर यांचा जाडसर, फारसा गोड नसलेला पाव. तो गरम असतानाच खावा. सुरीने चिरण्याऐवजी हाताने आडवा उकलून त्याचे दोन भाग करतात आणि प्रत्येक भागावर जॅम व ‘क्लॉटेड क्रीम’ लावतात. हे क्रीम म्हणजे दूध पसरट भांड्यात मंद तापवून तासन्‌तास स्थिर ठेवल्यावर वर धरलेला दाट थर, घरच्या सायीचाच अधिक घट्ट भाऊ. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात आधी क्रीम आणि कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम लावतात व त्यावरून त्यांचे जुने भांडण आहे. मुंबईकराने त्यात पडू नये. दोन्ही भाग पुन्हा जोडून वडापावासारखे खाणे मात्र टाळावे, कारण क्रीम बाहेर येते.

सी लाउंजच्या चहात इंग्रजी पदार्थांच्या जोडीला भेळ, शेवपुरी, वडापाव यांसारखे मुंबईचे पदार्थही असतात, आणि येथे पाहुण्याचा विवेक पणाला लागतो. चिंचेची चटणी आणि लसूण एकदा जिभेवर चढली की फिक्या चहाला आणि काकडीला काही बोलायला जागा उरत नाही. म्हणून पहिली किटली सँडविच आणि स्कोनबरोबर, मग चाट आणि त्याच्यासोबत आसाम किंवा मसाला चहा, आणि अखेरीस थोडे गोड, असा क्रम ठेवल्यास दोन्ही परंपरांना न्याय मिळतो. बुफे असेल तर एका वेळी तीन-चारच तुकडे घ्यावेत आणि पुन्हा उठावे. भेळ आणि पेस्ट्री एका बशीत घेतल्याने वेळ वाचत नाही, दोन्ही पदार्थ मात्र वाया जातात. पैसे वसूल करण्याच्या ईर्षेने खाणाऱ्याला या चहातले सर्वांत महागडे जे आहे, म्हणजे निवांत बसायला मिळालेला वेळ, तेच उपभोगता येत नाही.

शाकाहारी वाचकांनी केक आणि मूससारख्या थंडगार गोडाविषयी नेमके विचारावे. स्कोनच्या पाठीला चकाकी यावी म्हणून पुष्कळदा अंडे फासलेले असते, केकमध्ये ते बहुधा असते, आणि मूस घट्ट होण्यासाठी प्राणिजन्य जिलेटिन घातलेले असू शकते. भारतात अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अंडे मांसाहारी गणले जाते, तेव्हा पदार्थापुढच्या पाटीवरची हिरवी खूण हा चांगला आधार आहे. तरी जैन पद्धतीचे किंवा कांदा-लसणाविना हवे असल्यास ते जागा राखतानाच कळवावे.

रीतिरिवाजांचा बाऊ करण्यासारखे काही नाही. रुमाल मांडीवर उलगडावा. साखर ढवळताना चमचा कपावर वाजवू नये आणि ढवळून झाल्यावर तो बशीत, कपाच्या मागे ठेवावा. टेबल बुटके असेल तर कपाबरोबर बशीही उचलावी, उंच असेल तर नुसता कप. करंगळी ताठ ठेवणे हा शिष्टाचार नसून शिष्टाचाराची नक्कल आहे. बशीत ओतून फुंकर घालत चहा पिण्याची आपल्याकडची जुनी सवय येथे मागे ठेवलेली बरी, जरी अठराव्या शतकात इंग्रजही बशीतून चहा पीत असत. छायाचित्रे काढावीत, पण शेजारच्या टेबलावरच्यांना चौकटीत घेऊ नये.

बिलाचा अंदाज आधीच बांधलेला असावा. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर जाते, तेथील उपाहारगृहाच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. नेहमीच्या उपाहारगृहात तो ५ टक्के असतो. म्हणजे माणशी २,००० रुपये अधिक कर असा दर सांगितला गेला तर प्रत्यक्षात २,३६० रुपये होतात आणि चौघांचे ९,४४० रुपये. हा फरक नंतर कळला की चहाची चव कडवट होते. सेवा शुल्क ही वेगळी बाब आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते बिलात आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे योग्य ठरवली. म्हणून बिलात ते दिसल्यास शांतपणे काढायला सांगता येते आणि वाढप्याने आस्थेने केले असेल तर स्वतःच्या मर्जीने बक्षिसी ठेवता येते. बुफेतले उरलेले बांधून देण्याची पद्धत नसते, त्यामुळे डबा बरोबर नेऊ नये.

परतीची वेळ हा शेवटचा मुद्दा, आणि दादर-परळच्या वाचकांसाठी तो किरकोळ नाही. साडेपाचला उठणारा माणूस सहाच्या सुमारास चर्चगेटला पोहोचतो आणि ऐन कचेऱ्या सुटण्याच्या गर्दीत सापडतो. अशा वेळी विरार जलद गाडीत चढून दादरला उतरू पाहणाऱ्याचे काय होते ते मुंबईकराला सांगायला नको. त्याने मेट्रो घ्यावी, धिमी अंधेरी लोकल पकडावी, किंवा वाढप्याला आणखी एक किटली आणायला सांगून चहाची वेळ संपेपर्यंत जागेवरच बसावे.